चांदोबा व्हँकुव्हरात घडला

२०२५ मध्ये ६ ऑक्टोबरला छान योग आला. आपली कोजागरी आणि चिनी मंडळींचा चंद्रोत्सव एकाच रात्री! एरवी त्यांचा सण बहुधा महिनाभर आधी होऊन जातो. आमच्याकडे मसाला दूध आटत असताना शेजारून मूनकेकचा डबा आला. त्या निमित्तानं लेकीबरोबर ‘ओव्हर द मून’ पुन्हा पाहिला आणि शेवटची नामावली नीट वाचली. शिक्षिकेची खोड, दुसरं काय.

आई गेलेली फेफे चंद्रावरच्या देवीला भेटायला रॉकेट बांधते, अशी ही गोष्ट. २०२० सालच्या या चित्रपटामागे शांघायचा पर्ल स्टुडिओ आणि अमेरिकेचं नेटफ्लिक्स. दिग्दर्शक ग्लेन कीन डिस्नेत मुरलेले. होऊ घातलेल्या सावत्र आईचा आवाज कॅनडाच्याच सँड्रा ओचा. अ‍ॅनिमेशन मात्र सोनी पिक्चर्स इमेजवर्क्सचं, म्हणजे आपल्या व्हँकुव्हरचं! या कंपनीनं २०१४ मध्ये मुख्यालय कॅलिफोर्नियातून इथं हलवलं, कारण ब्रिटिश कोलंबियात अ‍ॅनिमेशनच्या पगारखर्चावर करसवलत मिळते.

पर्ल स्टुडिओचा जन्मही भागीदारीतलाच. २०१२ मध्ये ड्रीमवर्क्सनं चिनी गुंतवणूकदारांबरोबर शांघायला ‘ओरिएंटल ड्रीमवर्क्स’ काढला. हिशेब सरळ होता. चीन तेव्हा तिकीटविक्रीत वाटा देऊन वर्षाला ३४च परदेशी चित्रपट घेई आणि तो वाटा सुमारे २५ टक्के. सहनिर्मिती ठरली की संख्येची अट सुटे आणि वाटा ४३ टक्क्यांपर्यंत जाई. ‘कुंग फू पांडा ३’ (२०१६) असा तयार झाला. त्यात पात्रांचे ओठ इंग्रजीसाठी एकदा आणि चिनीसाठी पुन्हा वेगळे हलवले आहेत. डब केलेल्या कार्टूनमध्ये वाक्य संपलं तरी तोंड चालूच, हे बघत वाढलेल्या आपल्या पिढीला याचं अप्रूप वाटेल. मला तर थोडा हेवाच वाटला.

२०१८ मध्ये कंपनी पूर्णपणे चिनी मालकीची झाली आणि नाव पडलं ‘पर्ल’. पुढच्याच वर्षीच्या ‘अ‍ॅबॉमिनेबल’मध्ये भिंतीवरच्या नकाशात दक्षिण चिनी समुद्रावर चीनचा दावा सांगणारी रेघ दिसली आणि व्हिएतनामनं चित्रपट उतरवला. हिममानवाच्या गोष्टीत हे कशाला हवं होतं? पण ज्याच्या हाती ससा तो पारधी.

आपणही या वाटेनं गेलो होतो. युगो साको या जपानी दिग्दर्शकानं राम मोहन यांच्या साथीनं रामायणावर अ‍ॅनिमेशनपट केला, तोही बराचसा जपानमध्ये घडला. २०२५च्या जानेवारीत तो भारतात पुन्हा चित्रपटगृहांत लागला. त्याच महिन्यात चीनमध्ये ‘न-झा २’ आला. शंभरावर चिनी कंपन्यांनी मिळून केलेला हा पुराणकथेवरचा चित्रपट जगात सर्वाधिक कमाई करणारा अ‍ॅनिमेशनपट ठरला. आता त्यांना हॉलिवूडच्या हाताची गरज उरलेली नाही.

भारत आणि कॅनडा यांच्यातही २०१४ साली सहनिर्मितीचा करार झाला आहे. इथल्या स्टुडिओंत आपली मुलंही आहेत. दिवसभर दुसऱ्यांच्या गोष्टींतले केस नि कपडे हलवतात. त्यांच्यापैकी एकाला मी कोजागरीला विचारलं, “आपला विक्रम-वेताळ करायचा झाला तर?”

त्यानं दुधाचा पेला खाली ठेवला. “ताई, आधी वडाच्या पारंब्या कराव्या लागतील. केसांसारखंच काम आहे. वेताळ नंतर लटकवू.”