चतुरांसाठी टबभर पाणी

वरसाव्याच्या एका अंगाला वसईची खाडी, दुसऱ्या अंगाला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आणि मधून मुंबई-अहमदाबाद महामार्गाची अखंड धडधड. तरीही पावसाची सर ओसरली, की इथल्या मोकळ्या जागेवर पिवळसर चतुरांचा थवा घिरट्या घालताना दिसतो. यातला ‘पँटाला फ्लेव्हसेन्स’ हा चतुर पट्टीचा प्रवासी आहे. तो भारतातून मालदीवमार्गे, समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिका गाठत असावा, असं चार्ल्स अँडरसन या सागरी जीवशास्त्रज्ञाने २००९ मध्ये मांडलं.

असा पाहुणा परसात यावा, तर त्याला पाणी हवं, तेही गोडं. खाडीचं खारं पाणी बहुतेक चतुरांच्या कामाचं नाही.

एक मोठा टब किंवा जुनी सिमेंटची टाकी पुरते. दिवसातले चार-पाच तास ऊन येईल अशा जागी ती ठेवावी. तळाशी माती, त्यात कुमुदिनी आणि कडेला वेखंड किंवा लव्हाळा लावावा. टाचण्या, म्हणजे चतुरांच्या सडपातळ चुलतबहिणी, पाणवनस्पतींच्या देठांत अंडी घालतात. एक बांबूची काठी मात्र तिरकी रोवायलाच हवी. जलपर्णी टाळावी, ती बघता बघता सगळं पाणी झाकून टाकते.

साठलेलं पाणी म्हटलं की डेंग्यूची धास्ती वाटते, आणि ती रास्तच आहे. म्हणून टबात गप्पी मासे सोडण्याचा मोह होतो. पण गप्पी चतुरांची कोवळी पिल्लंही गट्ट करतात. ही पिल्लं स्वतःच डासांच्या अळ्यांचा फडशा पाडतात: दुमडलेला खालचा ओठ क्षणात पुढे फेकून भक्ष्य पकडतात. म्यानमारमध्ये यांगोनच्या घरगुती पाणीसाठ्यांत लोकांच्या मदतीने ती सोडली गेली, तेव्हा डेंग्यूचे डास घटले. हा अभ्यास १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. पिल्लं मोठी होईपर्यंत मात्र दर दोन-तीन दिवसांनी डासांच्या अळ्या चहाच्या गाळणीने उपसाव्यात. आसपास कीटकनाशक फवारू नये.

चतुराला कोषावस्था नसते. वाढ पुरी झालेलं पिल्लू बहुधा रात्री काठीवर चढतं, पाठ उकलते आणि चुरगळलेल्या पंखांचा चतुर बाहेर येतो. सकाळी काठीला चिकटलेली असते ती रिकामी कात. तिच्या फाटलेल्या पाठीतून बारीक पांढरे धागे लोंबतात: श्वासनलिकांची अस्तरं.