मरणाचा सरंजाम पेशीच्या पोटातच

मोठ्या आतड्याचं आतलं अस्तर दर चार-पाच दिवसांनी जवळजवळ नवं होतं. सूक्ष्म खळग्यांच्या तळाशी पेशी जन्मतात, वर सरकतात आणि काठाशी पोचल्या की गळून पडतात. कॅन्सरची पेशी मात्र मरायचं नाव घेत नाही. पण मरणाचा सगळा सरंजाम तिच्याही पोटात तयार असतो!

हा सरंजाम म्हणजे कॅस्पेज नावाची एन्झाइम. इतर प्रथिनं ठरावीक जागी कापणं हे त्यांचं काम. एरवी ती निपचित पडून असतात; औषधाने त्यांना जागं करता येतं.

आतड्याच्या कॅन्सरवर ५-फ्लुओरोयुरॅसिल हे जुनं औषध आजही देतात. त्याने डीएनए घडवण्यात विघ्न येतं आणि पी५३ हे पहारेकरी प्रथिन जागं होतं. ते 'प्यूमा' नावाचं प्रथिन बनवायला लावतं. जॉन्स हॉपकिन्समधल्या बर्ट व्होगेलस्टाइन यांच्या गटाला हे प्यूमा २००१ साली सापडलं, तेही आतड्याच्या कॅन्सरपेशींमध्येच. प्यूमामुळे मायटोकाँड्रियाच्या बाहेरच्या आवरणाला भोकं पडतात आणि सायटोक्रोम-सी बाहेर येतं. इथे मी दर वेळी थबकतो. पेशीला ऊर्जा मिळावी म्हणून जन्मभर इलेक्ट्रॉन वाहणारं हे प्रथिन, जागा सोडताच तिच्या मृत्यूचा निरोप्या होतं!

बाहेर ते अपाफ-१ या प्रथिनाला गाठतं. अशा सात जोड्या मिळून एक चक्र बनतं. त्या चक्रावर कॅस्पेज-९ जागं होतं, ते कॅस्पेज-३ ला कापून कामाला लावतं, आणि मग शेकडो प्रथिनांवर घाव पडतात. त्यातलं एक प्रथिन डीएनए कापणाऱ्या एन्झाइमला धरून ठेवत असतं. ते तुटलं की डीएनएचे साधारण १८० बेस-जोड्यांच्या पटीतले तुकडे पडतात. प्रयोगशाळेत जेलवर ते शिडीच्या पायऱ्यांसारखे एकाखाली एक उमटतात. पेशी आक्रसते, तिच्या गाठोड्या होतात आणि शेजारच्या पेशी त्या गिळून टाकतात. सांडलवंड नाही, की सूज नाही.

आतड्याच्या निम्म्याहून अधिक कॅन्सरमध्ये पी५३ बिघडलेलं असतं, त्यामुळे हा निरोप वाटेतच अडतो. शिवाय बीसीएल-एक्सएल हे प्रथिन अनेकदा वाढलेलं असतं आणि ते मायटोकाँड्रियाला भोकं पडू देत नाही. मग त्यालाच औषधाने का अडवू नये? अडचण अशी, की रक्तातल्या प्लेटलेट याच प्रथिनाच्या आधारावर जगतात. ते अडवलं की प्लेटलेट झपाट्याने घटतात. म्हणूनच प्लेटलेट सोडून फक्त गाठीतलं बीसीएल-एक्सएल गाठण्याचे मार्ग संशोधक शोधताहेत.