पारव्याला दिसतो कडा

तुमसरच्या एखाद्या राईस मिलमध्ये गेलात, तर आधी मान वर करून छपराकडे बघा. पत्र्याखालच्या लोखंडी कैचीवर पारवे ओळीने बसलेले दिसतील. खाली ट्रॅक्टरमधून धानाची पोती उतरत असतात. एखादा बारदाना फाटून दोन मुठी धान सांडलं, की वरची अख्खी रांग फडफडत खाली येते, टिपटिप दाणे टिपते आणि पुन्हा वर जाऊन बसते. मग काय होतं ते तुम्हाला माहीत आहेच. शीट नेमकी पोत्यांवर पडते!

भंडारा हा धानाचा जिल्हा. त्यामुळे मिल, गोदाम, धान खरेदी केंद्र, सगळीकडे ही तक्रार ऐकू येते. शाळेचा व्हरांडाही यातून सुटत नाही. पण मला एक प्रश्न नेहमी पडतो. आपल्याकडे झाडं काय कमी आहेत? कोका अभयारण्याचं जंगल भंडाऱ्याच्या जवळच आहे. मग पारवे झाडं सोडून पत्र्याखाली का येतात?

कारण पारव्याचे पूर्वज झाडावर राहतच नव्हते. रानातला पारवा डोंगरकड्यांवर राहतो. खडकातल्या कपारीत, अरुंद कंगोऱ्यावर चार काड्या टाकल्या की झालं त्याचं घरटं. आता त्याच्या डोळ्यांनी तुमच्या शाळेकडे बघा. उभ्या भिंती, खिडकीवरचे छज्जे, पत्र्याखालची अंधारी जागा. हा तर कडाच! आणि शेजारीच धान. पारव्याला आणखी काय हवं?

आता सगळ्यात भारी गोष्ट ऐका. धान्य खाणारे बरेचसे पक्षी पिल्लांना मात्र किडे-अळ्या भरवतात. चिमणीचंच बघा. वाढत्या पिल्लांना प्रथिनं लागतात, म्हणून किडे भरपूर असतील तेव्हाच पिल्लं वाढवणं सोपं जातं. पारव्याची ही अडचण सुटलेली आहे. अंड्यातून पिल्लू बाहेर यायच्या सुमारास मोठ्या पारव्याच्या गळ्यातल्या पिशवीत पांढरट, दाट पदार्थ तयार होतो. त्याला ‘पारव्याचं दूध’ म्हणतात! त्यात प्रथिनं आणि चरबी भरपूर असते. आणि गंमत म्हणजे हे दूध आईच्या गळ्यात होतं तसंच बाबांच्याही गळ्यात होतं. दोघं मिळून पिल्लांना पाजतात. म्हणजे किड्यांचा हंगाम असो की नसो, दाणे मिळत राहिले की पारवे वर्षभर पिल्लं वाढवू शकतात. एका वेळी अंडी दोनच असतात, पण आधीची पिल्लं उडायच्या आतच मादी कित्येकदा पुढची अंडी घालते.

म्हणून पारव्यांना नुसतं हाकलून काही होत नाही. लोक छपरावर प्लास्टिकचं घुबड ठेवतात. पारवे थोडे दिवस बिचकतात. घुबड जागचं हलत नाही हे कळलं, की त्याच्याच शेजारी येऊन बसतात. चमकणाऱ्या पट्ट्यांचं, जुन्या सीडींचंही तेच. काही यंत्रं आपल्याला ऐकू न येणारा फार बारीक, उंच आवाज काढतात आणि त्याने पक्षी पळतात असं सांगून विकली जातात. पण तो आवाज पारव्याला तरी कुठे ऐकू येतो! उंच आवाजांच्या बाबतीत त्याचे कान आपल्याहून कमी पडतात. उलट, आपल्याला ऐकू न येणारे अगदी खालचे, खोल आवाज त्याला ऐकू येतात.

जिवंत शिकारी पक्ष्याची गोष्ट वेगळी. लंडनच्या विम्बल्डन टेनिस मैदानावर रूफस नावाचा ससाणा सामन्यांआधी सकाळी उडवत असत. त्याला बघून पारवे खरोखर पळत. पण प्रत्येक राईस मिलला ससाणा कुठून आणायचा?

आणि पारवे मारूनच टाकले तर? स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहराने १९६१ ते १९८५ या काळात पारवे पकडून आणि गोळ्या घालून मारले. सुमारे एक लाख! तरी त्यांची संख्या काही कायमची कमी झाली नाही. जागा होती, खाणं होतं. मेलेल्यांच्या जागी नवे आले. मला तर हे वाचून फार वाईट वाटलं. एवढे जीव गेले आणि हाती काहीच लागलं नाही. नंतर १९८८ पासून शहराने लोकांना समजावलं, की पारव्यांना दाणे टाकू नका. चारच वर्षांत पारवे जवळजवळ निम्मे झाले.

आपल्याकडे मुंबईतही २०२५च्या जुलै-ऑगस्टमध्ये कबुतरखाने, म्हणजे पारव्यांना दाणे टाकायच्या जागा, बंद करण्यावरून मोठा वाद झाला. दादरचा कबुतरखाना महापालिकेने ताडपत्रीने झाकला. पिढ्यान्‌पिढ्या श्रद्धेने दाणे टाकणाऱ्या माणसांना वाईट वाटणारच. पण डॉक्टरांची काळजीही खरी आहे. वाळलेल्या शिटेची आणि पिसांची धूळ रोज नाकात गेली, तर काही माणसांची फुफ्फुसं कायमची बिघडू शकतात. म्हणून ती घाण कोरडी झाडायची नाही. मोठ्या माणसांनी मास्क लावून, आधी पाणी मारून ती काढायची. तुम्ही तेव्हा लांबच राहा.

मग मिलवाल्या काकांनी करायचं काय? सांडलेलं धान आणि कणी रोजच्या रोज गोळा करायची. पत्र्याखाली जाळी ताणायची. जाळी लावण्याआधी घरट्यात अंडी किंवा पिल्लं नाहीत ना, हे मात्र बघायलाच हवं, नाहीतर पिल्लं आत आणि आई-बाबा बाहेर अशी गत होईल. अंडी उबायला साधारण अठरा दिवस लागतात आणि पिल्लं उडायला पुढे महिनाभर. तेवढं थांबायचं.

पारव्यांसाठीच्या जाळीची भोकं पाच सेंटिमीटरची असतात. त्यातून पारवा जात नाही, चिमणी मात्र सहज जाते. शाळेच्या व्हरांड्यात तर हे छानच!

आणि छज्जा? तो उतरता केला तर पारव्याचे पाय घसरतात. उतार ४५ अंशांपेक्षा जास्त हवा. उद्या कंपासपेटीतून कोनमापक काढा. जाड पुठ्ठ्याचे उतार करा, एक ३० अंशांचा, एक ४५चा, एक ६०चा. प्रत्येकावर खोडरबर ठेवून बघा, कुठे टिकतं आणि कुठून घसरतं. मग शाळेतले छज्जे खालूनच नीट न्याहाळा. कोणत्या छज्ज्यावर पारवे बसतात, कोणत्यावर कधीच बसत नाहीत, ते वहीत लिहून ठेवा आणि ती वही मुख्याध्यापकांना दाखवा.