जादूचे प्रयोग आणि आपले प्रयोग

मराठीत एक गंमत आहे. जादूगार रंगमंचावर करतो तो 'प्रयोग' आणि आपण लॅबमध्ये करतो तोही 'प्रयोग'च. पीएचडीची पहिली दोन वर्षं मला हा नुसता शब्दांचा योगायोग वाटायचा. तिसऱ्या वर्षी माझाच एक प्रयोग जादूचा निघाला आणि मग मी एका जादूगाराबद्दल वाचायला लागले. तुमच्यापैकी जे आत्ता पेट देताय, सिनॉप्सिस लिहिताय, त्यांनी हे आधीच वाचलेलं बरं. माझी दोन महिन्यांची मेहनत गेली, तुमची जायला नको.

या जादूगाराचं नाव जेम्स रँडी. जन्म १९२८, टोरांटोचा. १७व्या वर्षी शाळा सोडून जत्रेतल्या जादूच्या खेळात शिरला. हातकड्या, कुलूपबंद पेट्या यांतून सुटून दाखवायचा. कॉलेजची पदवी नाही, पण १९८६ साली त्याला मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. तो स्वतःला 'प्रामाणिक खोटारडा' म्हणायचा. म्हणजे काय? मी तुम्हाला फसवणार आहे हे जादूगार आधीच सांगतो. तिकीट काढणाऱ्यालाही ते माहीत असतं. तीच हातचलाखी 'दैवी शक्ती' म्हणून विकली, की रँडी खवळायचा.

जादू कशी चालते याचं त्याने दिलेलं एक उदाहरण बघा. २००७ साली टेडच्या मंचावर तो हातात माइक धरून, चष्मा लावून बोलत होता. थोड्या वेळाने त्याने दाखवलं, की चष्म्याला काचाच नाहीत आणि हातातली वस्तू माइक नसून दाढी कोरायचं यंत्र आहे. 'हा माइक आहे' असं तो एकदाही म्हणाला नव्हता. ते लोकांनी स्वतःच ठरवलं होतं. जादूगार निम्मंच काम करतो, उरलेलं आपलं डोकं आनंदाने पूर्ण करतं. आणि आपण हुशार आहोत, आपल्याला कोण फसवणार, असं ज्याला वाटतं, त्याचं डोकं हे काम जास्तच झटपट करतं.

आता हे संशोधकांच्या बाबतीत कसं घडलं ते सांगते.

१९७९ साली अमेरिकेत, सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात, अतींद्रिय शक्तींच्या अभ्यासासाठी एक प्रयोगशाळा सुरू झाली. देणगी होती ५ लाख डॉलरची. प्रमुख होते पीटर फिलिप्स, भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. रँडीने त्यांना पत्र पाठवून ११ सूचना दिल्या. एका वेळी एकच वस्तू द्या, ठरलेली पद्धत समोरच्याच्या सांगण्यावरून बदलू नका, अशा साध्याच. फुकट मदत करायचीही तयारी दाखवली. त्याच वेळी 'आमच्याकडे शक्ती आहे' म्हणत दोन तरुण तिथे दाखल झाले, स्टीव्ह शॉ आणि मायकल एडवर्ड्स. दोघंही हौशी जादूगार, आणि रँडीला सामील. तिघांचं एकच ठरलं होतं : 'तुम्ही हातचलाखी करता का?' असं कोणी थेट विचारलं, तर खरं सांगून टाकायचं.

त्यांची युक्ती किती साधी होती पाहा. चमचे वाकतात का हे मोजायला प्रत्येक चमच्याला दोरीने क्रमांकाची चिठ्ठी बांधलेली असायची. चमचे मात्र टेबलावर एकत्रच. ही पोरं गुपचूप चिठ्ठ्यांची अदलाबदल करायची. चमचे मुळात एकसारखे नसतातच. त्यामुळे नंतर मोजलं, की 'आधीच्या' मापात आणि 'नंतरच्या' मापात फरक दिसायचा. माप बरोबर, यंत्र बरोबर, नोंद बरोबर. फक्त चमचा दुसरा!

१९८१मध्ये रँडीच्या सूचना मनावर घेऊन फिलिप्स यांनी पद्धत कडक केली, तशी 'शक्ती' ओसरली. १९८३ साली रँडीने पत्रकारांसमोर सगळं उघड केलं. फिलिप्स यांना हसणं सोपं आहे. पण सूचना उशिरा का होईना स्वीकारून त्यांनी पद्धत बदलली, हेही विसरू नये.

इथे निदान फसवणारं कोणी तरी होतं. १९८८ सालच्या पॅरिसजवळच्या प्रकरणात तेही नव्हतं. जाक बेनव्हेनिस्त यांच्या गटाने 'नेचर'मध्ये शोधनिबंध छापला. दावा असा, की प्रतिपिंडाचं द्रावण इतकं पातळ केलं की त्यात एकही रेणू उरू नये, तरी पांढऱ्या रक्तपेशींवर परिणाम दिसतो. 'नेचर'चे संपादक जॉन मॅडॉक्स, संशोधनातल्या चुका हुडकणारे वॉल्टर स्टुअर्ट आणि आपला रँडी असे तिघं त्या प्रयोगशाळेत गेले. शेवटच्या, सर्वांत कडक फेरीत नळ्यांवर फक्त सांकेतिक खुणा ठेवल्या. कोणत्या नळीत काय आहे, याची यादी पाकिटात घातली, पाकीट फॉइलमध्ये गुंडाळलं आणि चक्क छताला चिकटवलं. पाकीट उघडलं तेव्हा परिणाम गायब. पेशी मोजणाऱ्यांनी लबाडी केली असा ठपका पाहणीने ठेवला नाही. त्यांनी नकळत स्वतःलाच फसवलं, असा तिचा निष्कर्ष होता.

हे वाचून मला घाम फुटला, कारण मी नेमकं तेच केलं होतं.

माझं काम सोयाबीनच्या पानांवर पडणाऱ्या बुरशीच्या ठिपक्यांवर. ठिपके बघून पानाला ० ते ९ या पट्टीवर गुण द्यायचे. कुठल्या कुंडीवर माझा अर्क फवारलाय हे कुंडीच्या पाटीवर लिहिलेलं, आणि लिहिणारी मीच. एखादं पान ३ आणि ५च्या मधलं वाटलं, की फवारलेल्या कुंडीला ३, न फवारलेलीला ५. मी लबाडी करत नव्हते. मला खरंच तसं दिसत होतं. आलेख तर इतका देखणा आला, की मी तो आईलाही दाखवला.

मग एका ज्युनिअरला म्हटलं, पाट्यांवर कागद चिकटव, नुसते क्रमांक टाक आणि यादी तुझ्याकडेच ठेव. पुन्हा गुण दिले. फरक उरला, पण इतका थोडा, की सांख्यिकी चाचणीत टिकला नाही. दोन दिवस मी मॅडमना तोंड दाखवलं नाही. शेवटी जाऊन सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "बरं झालं, तूच पकडलंस. व्हायव्हाला परीक्षकांनी पकडलं असतं तर?"

म्हणून प्रयोग आखताना चार प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. मोजणाऱ्याला नमुना कुठल्या गटातला हे माहीत आहे का? नमुन्यांची चिठ्ठी बदलली गेली तर मला कळेल का? मोजणी सुरू झाल्यावर मी नियम बदलतेय का, आणि का? निकाल मनाविरुद्ध आला असता, तर मी पुन्हा तपासलं असतं ना, मग मनासारखा आल्यावर का नाही तपासत? ब्लाइंडिंगला महागडं यंत्र लागत नाही. कागद, चिकटपट्टी आणि विश्वासू ज्युनिअर पुरतो. पाकीट छताला चिकटवायची तर गरजच नाही, मैत्रिणीच्या कपाटात ठेवलं तरी चालतं.

रँडी २०२० साली गेला. अतींद्रिय शक्ती सिद्ध करणाऱ्याला त्याच्या संस्थेने १० लाख डॉलरचं बक्षीस ठेवलं होतं, ते कोणालाच जिंकता आलं नाही. जादूगाराला प्रेक्षक फसले की टाळ्या मिळतात. आपल्या प्रयोगात मात्र जादूगारही आपणच आणि पहिल्या रांगेतला प्रेक्षकही आपणच. टाळ्या वाजवायच्या आधी पाट्या झाकून एकदा मोजून बघा.

माझ्या नव्या कुंड्यांवर आता फक्त क्रमांक आहेत. यादी ज्युनिअरकडे आहे, आणि चहा पाजूनही ती दाखवत नाही.