रंग डोळ्यांचा की भाषेचा?

रंग आपण डोळ्यांनी पाहतो, हे लहान मूलही सांगेल. पण पाहिलेल्या रंगाला नाव देते ती भाषा. हे नाव म्हणजे नुसती वरून डकवलेली चिठ्ठी, की ते आपल्या पाहण्यातही हात घालते? प्रश्न वरवर पंडितांचा वाटेल. परंतु तो आपल्या घराच्या उंबरठ्यापर्यंत कसा येतो, हे आम्ही वाचक बंधुभगिनींसमोर मांडू इच्छितो.

इंद्रधनुष्यात कोठेही रेघ मारलेली नसते. तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत रंग एकमेकांत मिसळत जातात. रंग ओळखणाऱ्या पेशी आपल्या डोळ्यांत तीन प्रकारच्या असतात आणि जगातील बहुतेक माणसांत त्या सारख्याच असतात. रेघा मारते ती भाषा, आणि प्रत्येक भाषा त्या आपापल्या जागी मारते.

मराठीचेच पाहा. आकाशी रंगाला आपण निळ्याचाच एक प्रकार मानतो. पण गुलाबी साडीला कोणी 'लाल' म्हटले तर घरातल्या बायका हसतील. वास्तविक गुलाबी म्हणजे फिकट झालेला लालच! रशियन भाषेत निळ्याच्या बाबतीत असे घडले आहे. गडद निळा तो 'सिनी' आणि फिकट निळा तो 'गलुबोय'. दोन्हींना मिळून साधा असा एक शब्द त्यांच्याकडे नाही. जपानमध्ये याउलट प्रकार. हिरव्यासाठी 'मिदोरी' हा शब्द असूनही रस्त्यावरच्या हिरव्या सिग्नलला तेथे 'आओ', म्हणजे निळा म्हणतात. कारण जुन्या जपानीत 'आओ' या एका शब्दात निळा आणि हिरवा दोन्ही सामावत.

या फरकावरून एकेकाळी फार चुकीचे निष्कर्ष काढले गेले. पुढे इंग्लंडचे पंतप्रधान झालेले ग्लॅडस्टन यांनी 1858 साली होमर या ग्रीक कवीवर मोठा ग्रंथ लिहिला. होमरच्या काव्यात समुद्र मद्याच्या रंगाचा आहे, पण आकाशाला निळे म्हटलेले नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी तर्क केला की, प्राचीन ग्रीकांची रंगदृष्टीच अपुरी असावी. 1877 साली ह्यूगो मॅग्नुस या जर्मन नेत्रवैद्याने हाच विचार पुढे नेला आणि माणसाची रंगदृष्टी टप्प्याटप्प्याने विकसित झाली, असा सिद्धान्त मांडला. मग ज्यांच्या भाषेत रंगांची नावे थोडी, त्या लोकांचे डोळेही मागासलेले, असे म्हणायला कितीसा वेळ लागणार?

पण शब्द नाही म्हणजे दृष्टी नाही, हे गणितच चुकीचे होते. ग्रँट अॅलन यांनी निरनिराळ्या देशांतून माहिती गोळा करून 1879 साली ते दाखवून दिले. पुढे न्यू गिनी बेटावरील दानी लोकांवर एलिनॉर रॉश यांनी प्रयोग केले. दानी भाषेत रंगांचे मुख्य शब्द दोनच, एक गडद रंगांसाठी आणि एक उजळ रंगांसाठी. तरीही ठसठशीत लाल, पिवळा असे रंग त्यांच्या लक्षात इतर छटांपेक्षा चांगले राहत, असे त्यांनी 1972 साली नोंदविले. एखाद्या समाजाकडे अमुक शब्द नाही म्हणून त्याला खालचा ठरविणे, ही ठरविणाऱ्याची दृष्टी अपुरी असल्याची खूण आहे.

मग भाषेचा परिणाम मुळीच होत नाही काय? होतो, पण तो वेगळ्या तऱ्हेने. 2007 साली अमेरिकेत जोनाथन विनावर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावर निळ्या रंगाचे तीन चौकोन. वरच्याशी जुळणारा खालचा कोणता, ते झटकन सांगायचे. खालच्या दोहोंपैकी एक 'सिनी' आणि दुसरा 'गलुबोय' असला की रशियन भाषिक लवकर उत्तर देत. इंग्रजी भाषिकांना असा फायदा होत नव्हता. गंमत अशी की, त्याच वेळी मनात आकडे घोकायला लावले की रशियनांचा हा फायदाही नाहीसा होई. म्हणजे डोळे तेच. मनातल्या मनात शब्द मदतीला येत होता. भाषा आंधळ्याला डोळे देत नाही आणि डोळसाला आंधळे करीत नाही. कोठे पटकन लक्ष द्यायचे, एवढे ती शिकवते.

आता आपल्या घराकडे वळू. साडीच्या दुकानात आपल्या भगिनी डाळिंबी, राणी, गुलबक्षी आणि कुसुंबी क्षणात वेगळे करतात. पुरुष म्हणतो, सगळे लालच! त्याचे डोळे अधू नसतात, त्याला शब्दांची सवय नसते. हे झाले लुगड्याचे. माणसाच्या कातडीला मात्र आपण गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा, काळा अशी उतरंड लावून ठेवली आहे. मूल जन्मले की बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत ना, या प्रश्नाच्या पाठोपाठ "रंगाने कोणावर गेले?" हा प्रश्न येतो. हे शब्द नुसता रंग सांगत नाहीत, किंमत सांगतात. तोंड काळे करणे, काळा पैसा, काळा दिवस, असे सगळे वाईट आपण काळ्याच्याच माथी मारले. ज्या घरात हे रोज कानावर पडते, तेथे सावळी मुलगी आरशात काय पाहत असेल?

2020 साली 'फेअर अँड लव्हली' या क्रीमच्या नावातून 'फेअर' हा शब्द काढण्यात आला. डबीवरचा शब्द गेला, पण स्थळे पाहताना बोलला जाणारा "मुलगी गोरी आहे ना?" हा शब्द अजून गेलेला नाही.

तो घालविणे आपल्या हाती आहे. मुलांना फुलांचे, पिकांचे, कापडाचे रंग भरपूर शिकवावेत. नजर तयार होते. परंतु माणसाची ओळख करून देताना त्याचा रंग सांगू नये. त्याचे शिक्षण, स्वभाव, काम सांगावे. आपला शेतकरी शेताच्या काळ्या जमिनीला 'काळी आई' म्हणतो. त्या शब्दात किती माया आहे! काळ्या रंगाला मान देणारा शब्द आपल्या भाषेत आधीपासूनच आहे. तो शेतातून घरात आणायचा आहे, इतकेच.