हिरा आणि मॉइसनाइट : रत्नपरीक्षेचा विवेक

धनत्रयोदशीस रत्न घेऊ इच्छिणाऱ्या गृहस्थांपुढे आता मॉइसनाइट हे नवे नाव आले आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी म्वासाँ यांना १८९३ साली अमेरिकेतील अॅरिझोना प्रांतीच्या अशनीत त्याचे कण आढळले. प्रथम ते हिरेच वाटले. १९०४ साली ते सिलिकॉन कार्बाइड ठरले. हिरा म्हणजे केवळ कार्बन. दागिन्यांतील मॉइसनाइट प्रयोगशाळेत घडविलेले असते.

काठिण्यात हिरा दहा, तर हे सव्वानऊ. रंगांची उधळण मात्र हिऱ्याच्या दुपटीहून अधिक! तेव्हा झळाळीवरून निवाडा करू नये. उष्णतावहनावर चालणारे साधे परीक्षायंत्रही येथे फसते. भिंगातून तिरपे पाहता मॉइसनाइटच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात. हिऱ्याच्या एकेरीच राहतात.

वराहमिहिरांच्या बृहत्संहितेतही वज्रपरीक्षा आहे. तो विवेक आपण सोडू नये. आमच्या मते मॉइसनाइट हे खोटे रत्न नव्हे. ते हिरा म्हणून विकणे हे असत्य होय. म्हणून पावतीवर रत्नाचे खरे नाव लिहून घ्यावे. लेकीसुनांच्या बोटी अल्पमोलाचे रत्नही शोभेल. लक्ष्मीपुढे ते ठेवताना मनात किंतु नसावा.