रक्त आणि लोह – लेखांक ६ : तक्ता वाचता येतो, तरीही

गेल्या आठवड्यात थॅलेसेमिया मेजरच्या मुलांच्या हृदयात लोह कसं साठतं ते पाहिलं. डोळ्याचं प्रकरण अधिक अवघड आहे. इथे पडद्याला धोका साठलेल्या लोहाचा आहे, तसाच ते लोह बाहेर काढणाऱ्या औषधाचाही.

लाल पेशींच्या एका पिशवीतून २०० ते २५० मिलिग्रॅम लोह अंगात येतं. शरीरातून रोज जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम बाहेर पडतं. थॅलेसेमिया मेजरच्या मुलांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवायचं म्हटल्यावर उरलेलं लोह औषधानेच काढावं लागतं. डेसफेरिऑक्सामिन हे त्यातलं जुनं औषध. पोटाच्या किंवा मांडीच्या त्वचेखाली बारीक सुई, तिला जोडलेला छोटा पंप, आणि आठवड्यातल्या पाच ते सात रात्री आठ-बारा तास हेच. या औषधाने असंख्य मुलांना तारुण्य पाहू दिलं. पण १९८३ साली ‘लॅन्सेट’मध्ये मोठ्या डोसच्या रुग्णांविषयी नोंद आली : रातांधळेपणा, आक्रसलेलं दृष्टिक्षेत्र, मंद झालेली नजर.

पडद्यातल्या प्रकाशग्राही पेशींच्या मागे रंगद्रव्याचा एक थर असतो. या पेशींचं पोषण आणि साफसफाई तोच करतो. औषधाचा घाव बहुतेकदा तिथे बसतो. लोहाबरोबर तांबं आणि जस्तही हे औषध पकडू शकतं, हे त्याचं एक कारण मानलं जातं. म्हणून पकडायला लोह कमी आणि औषध जास्त, अशी वेळ आली की धोका वाढतो. फेरिटिन, म्हणजे साठलेल्या लोहाचा अंदाज देणारा रक्तातला आकडा, खाली आल्याचा आनंद जरूर करावा, पण त्याच दिवशी डॉक्टरांना डोसबद्दलही विचारावं.

पालक म्हणतात, ‘चष्म्याच्या दुकानात तपासलं, शेवटची ओळसुद्धा वाचली.’ तो तक्ता पडद्याच्या मधल्या इवल्याशा भागाची परीक्षा घेतो. अंधुक उजेडात पाहणाऱ्या पेशी त्या भागाबाहेर पसरलेल्या असतात. त्या थकल्या तरी तक्ता वाचता येतोच.

त्यांची परीक्षा इलेक्ट्रोरेटिनोग्राममध्ये, म्हणजे ईआरजीत होते. बाहुली मोठी करणारे थेंब घालून मुलाला वीसेक मिनिटं अंधारात बसवतात. डोळ्याला नाजूक तार लावतात आणि समोरच्या गोलाकार भांड्यात प्रकाश लुकलुकतो. पडद्याने दिलेला विद्युत प्रतिसाद कागदावर उमटतो : आधी खाली जाणारी ‘ए’ लहर, मग वर उसळणारी ‘बी’ लहर. ‘ए’ प्रकाशग्राही पेशींची, ‘बी’ त्यांच्यापुढच्या पेशींची. लहरी बुटक्या झाल्या, उशिरा आल्या, तर तक्रार सुरू होण्याआधीच बिघाड कळू शकतो. मुलाला काही वाचावं लागत नाही, उत्तरही द्यावं लागत नाही. अगदी लहानांसाठी मला हे फार मोलाचं वाटतं.

औषध सुरू करण्यापूर्वी एकदा आणि पुढे दरवर्षी डोळे आणि कान तपासायला हवेत. लोह काढणाऱ्या डेफरॅसिरॉक्सच्या गोळीवर असलेल्यांनाही हे लागू आहे. मोठ्या शहराबाहेर ईआरजी सहज मिळत नाही. तेव्हा निदान बाहुली मोठी करून पडदा पाहणं, रंगदृष्टी आणि दृष्टिक्षेत्र एवढं तरी चुकवू नये. संध्याकाळी मूल जिन्यावर अडखळतं का, रंग ओळखताना गोंधळतं का, हे घरातल्यांनीच डॉक्टरांना सांगायचं आहे.

बिघाड लवकर सापडून औषध थांबवलं किंवा डोस उतरवला, तर नजर बऱ्याचदा पूर्ण किंवा काही अंशी परत येते. मात्र तो निर्णय रक्तविकारतज्ज्ञांनीच घ्यायचा. घाबरून पंप परस्पर बंद केला तर लोह पुन्हा हृदयाकडे वळतं.

पुढील आठवड्यात : नंदुरबार-गडचिरोलीतला सिकलसेल, आणि पडद्याच्या कडेला बंद पडणाऱ्या रक्तवाहिन्या.